टॅब-पद्धती व खिडकी-व्यवस्थापन

टॅब-पद्धती व खिडकी-व्यवस्थापन : संगणकाच्या पडद्यावर एकाच चौकटीत अनेक पाने वा दस्तऐवज ठेवावयाचे, त्यांपैकी एकच दृश्य राखावयाचे व उरलेल्यांची केवळ नावे चौकटीच्या कडेला ओळीने दाखवावयाची, या रचनेस टॅब-पद्धती म्हणतात. पत्त्यांच्या वहीच्या कडेला पायरीपायरीने कापलेली अक्षरे किंवा कचेरीतील फायलींमधून डोकावणाऱ्या नावांच्या चिठ्ठ्या यांच्याशी तिचे साम्य उघड आहे. महाजालावरील पाने पाहण्यासाठी वापरावयाच्या आज्ञावलीत, म्हणजे ब्राउझरमध्ये, ही पद्धती २००१ ते २००६ या काळात रूढ झाली. पडद्यावरील खिडक्यांची मांडणी करणारी आज्ञावली, म्हणजे खिडकी-व्यवस्थापक, मात्र तिच्याही आधीपासून अस्तित्वात होती. अनेक खिडक्यांतून एक निवडणे हे व्यवस्थापकाचेच काम असताना ब्राउझरने ते आपल्याकडे का घेतले, आणि ते घेणे योग्य होते काय, हा प्रश्न तेव्हापासून चर्चिला जात आहे. वरवर तो केवळ सोयीचा वाटतो. वस्तुतः आपल्या कामाच्या पसाऱ्याची मांडणी करण्याचा अधिकार वापरणाऱ्याकडे किती राहावा व आज्ञावलीच्या कर्त्याकडे किती जावा, हा त्याचा गाभा आहे.

खिडकीची कल्पना : डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रॅन्सिस्को येथे केलेल्या प्रात्यक्षिकात पडद्याचे भाग पाडून मजकूर व दूरच्या सहकाऱ्याचे चित्र एकाच वेळी दाखविले होते. या कल्पनेला आजचे रूप झेरॉक्स कंपनीच्या पालो ऑल्टो येथील संशोधन केंद्रात आले. तेथे १९७३ मध्ये ऑल्टो हा संगणक तयार झाला व त्यावर ॲलन के, डॅन इंगल्स आदींनी विकसित केलेल्या स्मॉलटॉक या भाषेच्या परिसरात एकमेकींवर चढणाऱ्या खिडक्या अवतरल्या. मेजावर कागदावर कागद पडावा, त्याप्रमाणे एक खिडकी दुसरीला झाकीत असे आणि झाकलेली खिडकी हवी तेव्हा वर आणता येई.

या पद्धतीला प्रारंभापासून एक प्रतिस्पर्धी होती. खिडक्या फरशांप्रमाणे शेजारीशेजारी बसवाव्यात, म्हणजे कोणतीही खिडकी झाकली जाणार नाही, असा दुसरा पक्ष होता. झेरॉक्सच्याच १९८१ मधील स्टार या संगणकात खिडक्या सामान्यतः एकमेकींवर येत नसत. नोव्हेंबर १९८५ मध्ये बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट विंडोजच्या पहिल्या आवृत्तीतही फरशीपद्धतच होती. ॲपल कंपनीच्या लिसा (१९८३) व मॅकिंटॉश (१९८४) या संगणकांनी मात्र चढत्या खिडक्या स्वीकारल्या आणि विंडोजच्या दुसऱ्या आवृत्तीनेही १९८७ मध्ये तोच मार्ग धरला. चढत्या खिडक्यांचा जय झाला, पण त्याबरोबर एक अडचणही आली : खिडक्यांची संख्या वाढली की झाकलेली खिडकी सापडत नाही. टॅब हे या अडचणीवरील अनेक उपायांपैकी एक होय.

व्यवस्थापकाचे वेगळेपण : खिडक्यांची मांडणी कोणी करावी, या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर एक्स या खिडकी-प्रणालीने दिले. रॉबर्ट शाइफ्लर व जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत तिचा आरंभ केला आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती प्रसृत झाली. खिडक्या निर्माण करण्याची व हलविण्याची यंत्रणा तेवढी प्रणालीने पुरवावी, त्या कशा दिसाव्यात व कोठे असाव्यात याचे धोरण तिने ठरवू नये, असे तिचे सूत्र होते. धोरण ठरविण्याचे काम एका वेगळ्या, सामान्य आज्ञावलीकडे सोपविण्यात आले. हीच खिडकी-व्यवस्थापक होय. वापरणाऱ्यास ती न आवडल्यास इतर कोणत्याही आज्ञावलीला धक्का न लावता तिच्या जागी दुसरी बसविता येई. टॉम लास्ट्रेंज यांचा टीडब्ल्यूएम (१९८७) हा अशा प्रारंभीच्या व्यवस्थापकांपैकी एक असून पुढे या प्रकारचे कित्येक व्यवस्थापक निर्माण झाले.

या विभागणीला एक मर्यादा होती व पुढील सर्व वादाचे मूळ तीत आहे. आज्ञावली व व्यवस्थापक यांच्यात ज्या गोष्टींची देवाणघेवाण ठरलेली होती, त्या थोड्या होत्या : खिडकीचे शीर्षक, चिन्ह, तिला किती रुंदी-उंची मानवेल, ती दुसऱ्या खिडकीची तात्पुरती सोबतीण आहे काय, इत्यादी. खिडकीच्या आत काय चालले आहे, हे व्यवस्थापकास कळत नसे. बंद लखोट्यांवरील नावे वाचून ते फडताळात लावणाऱ्या कारकुनासारखी त्याची स्थिती होती.

खिडकीच्या पोटातील खिडक्या : विंडोज प्रणालीत व्यवस्थापक बदलण्याची सोय सर्वसाधारणपणे नव्हती. तेथे निराळाच प्रघात पडला. एका मोठ्या खिडकीच्या पोटात त्या आज्ञावलीचे सर्व दस्तऐवज लहान खिडक्यांच्या रूपाने ठेवावयाचे व त्यांची मांडणी आज्ञावलीनेच करावयाची, अशी ही बहुदस्तऐवजी रचना होती. विंडोजच्या तिसऱ्या आवृत्तिमालेतील आज्ञावल्यांची व फायलींची सूची दाखविणाऱ्या साधनांत, तसेच एक्सेलसारख्या आज्ञावल्यांत ती दिसून येई. तिचा लाभ असा, की एका आज्ञावलीचे सर्व दस्तऐवज एकत्र राहत. तोटाही त्याच कारणाने उद्‌भवे : पत्र व कोष्टक शेजारीशेजारी ठेवावयाचे तर दोन्ही मोठ्या खिडक्यांची ओढाताण करावी लागे. विंडोज ९५ मध्ये पडद्याच्या तळाशी उघड्या खिडक्यांची पट्टी आली, तेव्हा प्रत्येक दस्तऐवजास स्वतंत्र खिडकी देण्याचा विचार बळावला. वर्ड या आज्ञावलीने २००० च्या आवृत्तीत व एक्सेलने थेट २०१३ च्या आवृत्तीत तो स्वीकारला. कार्यालयीन आज्ञावल्या अशा प्रकारे दस्तऐवज मोठ्या खिडकीच्या बाहेर काढीत असतानाच ब्राउझर मात्र पाने एका खिडकीत गोळा करू लागले, हा या इतिहासातील लक्षणीय विरोध होय.

टॅबचा ब्राउझरमधील प्रवेश : टॅब ही ब्राउझरची उपज नव्हे. डॉन हॉपकिन्स यांनी १९८८ मध्ये सन कंपनीच्या न्यूज या खिडकी-प्रणालीसाठी ईमॅक्स या संपादकाच्या एका आवृत्तीत टॅबयुक्त खिडक्या केल्या होत्या. १९९३ मधील एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत एकाच पुस्तिकेतील पत्रके तळाच्या टॅबांनी निवडता येत. १९९० नंतरच्या दशकातील बीओएस या प्रणालीत तर प्रत्येक खिडकीची शीर्षकपट्टीच टॅबच्या आकाराची होती. ती आडवी सरकवून एकीवर एक ठेवलेल्या खिडक्यांची शीर्षके एका ओळीत दिसतील अशी व्यवस्था वापरणारा स्वतः करू शके.

मार्क अँड्रीसन व एरिक बीना यांचा मोझेइक हा ब्राउझर १९९३ मध्ये प्रथम एक्स प्रणालीसाठीच तयार झाला. तो व १९९४ मधील नेटस्केप हे पानांसाठी स्वतंत्र खिडक्या उघडीत. १९९४ मध्येच बुकलिंक टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या इंटरनेटवर्क्स या ब्राउझरने टॅब वापरले, पण ती कंपनी लवकरच अमेरिका ऑनलाइनने विकत घेतली व तो ब्राउझर मागे पडला. ॲडम स्टाइल्स यांच्या नेटकॅप्टरने १९९७-९८ च्या सुमारास ही कल्पना पुन्हा मांडली. नॉर्वेतील ऑपेरा ब्राउझरने १९९६ पासून बहुदस्तऐवजी रचना ठेवली होती व तीतूनच त्याची टॅब-पद्धती विकसित झाली. ऑक्टोबर २००१ मध्ये मोझिलाच्या एका चाचणी आवृत्तीत टॅब आले. तेथून ते नोव्हेंबर २००४ मधील फायरफॉक्सच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत गेले. ॲपलच्या सफारीने ते २००३ मध्ये व मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररने सातव्या आवृत्तीत, म्हणजे २००६ मध्ये, स्वीकारले.

या प्रसाराची कारणे व्यावहारिक होती. दूरध्वनीच्या तारेवरून येणारे पान उघडण्यास बराच वेळ लागे. वाचता वाचता चार दुवे मागच्या बाजूस उघडून ठेवावयाचे आणि हातातील पान संपल्यावर त्यांकडे वळावयाचे, अशी वाचनाची नवी रीत त्यामुळे रूढ झाली. प्रत्येक दुवा स्वतंत्र खिडकीत उघडल्यास ती खिडकी पुढे येऊन वाचनात व्यत्यय येई आणि तळाची पट्टी पाहता पाहता भरून जाई. मागे, शांतपणे व न झाकता उघडणारी खिडकी देण्याची सोय बहुसंख्य लोकांच्या व्यवस्थापकात नव्हती. ती उणीव ब्राउझरने भरून काढली.

व्यवस्थापकाचा पक्ष : एक्स प्रणालीच्या वर्तुळात मात्र याच सुमारास दुसरा प्रयत्न चालू होता. फिनलंडमधील टुओमो वाल्कोनेन यांच्या पीडब्ल्यूएम या व्यवस्थापकात २००० च्या सुमारास कोणत्याही आज्ञावलीच्या खिडक्या एकाच चौकटीत घालून त्यांची शीर्षके टॅबांप्रमाणे दाखविता येत. त्यांच्याच आयन या व्यवस्थापकाने फरशीपद्धती व टॅब यांचा संयोग केला. फ्लक्सबॉक्स (२००१) व आयथ्री (२००९) यांनी हीच परंपरा पुढे नेली. बीओएसचा वारसा सांगणाऱ्या हायकू या प्रणालीतही कोणत्याही दोन खिडक्या टॅबांनी जोडता येतात. केडीई या लोकप्रिय परिसराने फेब्रुवारी २०१० मधील ४.४ या आवृत्तीत अशीच सोय दिली होती, परंतु पुढील पाचव्या आवृत्तिमालेत ती वगळण्यात आली.

या पक्षाचे म्हणणे तर्कदृष्ट्या भक्कम आहे. टॅब ही शेवटी झाकलेली खिडकीच होय. तेव्हा खिडकी निवडण्याची साधने दोनदा कशासाठी निर्माण करावयाची? ब्राउझर, संपादक, फायलींची सूची व आज्ञापट या प्रत्येकाने आपापले टॅब केल्याने त्यांची वळणे व कळा निरनिराळ्या झाल्या. टॅब बदलण्याची एक रीत व खिडकी बदलण्याची दुसरी, अशा दोन मजल्यांवर वापरणाऱ्यास वावरावे लागते. शिवाय मनुष्याचे काम आज्ञावलीनुसार विभागलेले नसते. लेख लिहिणाऱ्यास संदर्भाचे पान, लेखाचा मसुदा व टिपणे ही तीन एका गठ्ठ्यात हवी असतात. ब्राउझरचे टॅब त्यास पानांबरोबर केवळ पानेच ठेवू देतात. व्यवस्थापकाचे टॅब हा गठ्ठा बांधू शकतात. २००९ च्या सुमाराच्या सर्फ या लहान ब्राउझरने हा विचार अखेरपर्यंत नेला. त्यात टॅब मुळीच नाहीत. हवे असल्यास कोणत्याही आज्ञावलीच्या खिडक्या पोटात घेणारी वेगळी आज्ञावली त्याच्याबरोबर वापरावयाची असते.

ब्राउझरचा पक्ष : ब्राउझरच्या बाजूने दिली जाणारी कारणे ज्ञानाची व खर्चाची आहेत. कोणते पान कोणत्या पानावरील दुव्यातून उघडले, कोणते अद्याप उतरत आहे, कोणत्यातून आवाज येत आहे, कोणत्यात अर्धवट भरलेला अर्ज आहे, हे ब्राउझरला ठाऊक असते. नवे पान मूळ पानाच्या शेजारी ठेवणे, चुकून मिटलेले पान त्याच्या पूर्वइतिहासासह परत आणणे, संगणक बंद पडल्यावर सर्व पाने पुन्हा उभी करणे, बराच काळ न पाहिलेल्या पानाने व्यापलेली स्मृती मोकळी करणे ही कामे या ज्ञानावाचून होत नाहीत. वर उल्लेखिलेल्या लखोटे लावणाऱ्या कारकुनास लखोटा कोठून आला हे माहीत नसल्याने ती त्याच्या आवाक्याबाहेरची असतात.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे. ब्राउझर हा विंडोज, मॅकिंटॉश व युनिक्स अशा भिन्न प्रणालींवर सारखाच चालावा लागतो. या सर्व प्रणालींत टॅब देणारा समान व्यवस्थापक कधीच नव्हता. त्यामुळे ज्यास सर्वत्र टॅब हवे होते, त्याला ते स्वतःच करणे भाग होते.

सप्टेंबर २००८ मध्ये आलेल्या गूगलच्या क्रोम ब्राउझरने वादाचे स्वरूप काहीसे पालटले. त्याने टॅबांना खिडकीच्या माथ्यावर, शीर्षकपट्टीच्या जागी बसविले. टॅब ओढून बाहेर काढल्यास त्याची स्वतंत्र खिडकी होई. पाने वेगवेगळ्या प्रक्रियांत चालविल्याने एक पान कोसळले तरी इतर पाने सामान्यतः तगून राहत. टॅब ही आतून स्वतंत्र आज्ञावलीसारखी व बाहेरून खिडकीसारखी झाली. म्हणजे परिचालन प्रणाली व खिडकी-व्यवस्थापक या दोघांचीही कामे ब्राउझरने आपल्या पोटात उभारली.

सीमेवरील प्रयोग : वरील दोन पक्षांमधील सीमा ओलांडण्याचे प्रयत्न दोन्ही बाजूंनी झाले असून त्यांचा अनुभव बोधप्रद आहे. फायरफॉक्सने २०११ मधील चौथ्या आवृत्तीत पानांचे गट करून ते मोकळ्या पटावर मांडण्याची सोय दिली. हे खिडकी-व्यवस्थापनच ब्राउझरमध्ये नव्याने रचण्यासारखे होते. २०१६ मध्ये ती सोय काढून टाकण्यात आली. केवळ ब्राउझरवर आधारलेली क्रोम ओएस ही प्रणाली असणारे संगणक २०११ मध्ये विक्रीस आले, तेव्हा पडदाभर ब्राउझर व त्यातील टॅब एवढेच त्यांत होते. परंतु २०१२ मध्येच तिच्यात चढत्या खिडक्या व तळपट्टी आणावी लागली. केवळ टॅबांनी भागत नाही, याची ही जणू कबुलीच होती.

उलट दिशेचे प्रयोगही झाले. विंडोज ७ मध्ये (२००९) तळपट्टीवर खिडक्यांच्या लहान प्रतिमा दिसू लागल्या, तेव्हा इंटरनेट एक्सप्लोररचे टॅब तेथे स्वतंत्र खिडक्यांप्रमाणे दाखविले गेले. नोव्हेंबर २०१४ च्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत क्रोमची पाने ब्राउझरबाहेर काढून अलीकडे वापरलेल्या आज्ञावल्यांच्या यादीतच मिसळण्यात आली. व्यवस्थापकाच्या पक्षाची मागणी येथे कोट्यवधी लोकांच्या हाती असलेल्या प्रणालीत बव्हंशी पुरी झाली होती. पण पाने व आज्ञावल्या यांची सरमिसळ झाल्याने हवे ते पान शोधणे कठीण होई आणि २०१६ मध्ये ही रचना मागे घेण्यात आली. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये सेट्स या नावाने निरनिराळ्या आज्ञावल्यांच्या खिडक्या एकाच टॅबपट्टीत गुंफण्याची योजना जाहीर केली. चाचणी आवृत्त्यांतून ती २०१८ मध्ये काढण्यात आली व २०१९ पर्यंत ती सोडून दिल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर विंडोज ११ मधील फायलींच्या सूचीला २०२२ मध्ये स्वतःचे टॅब मिळाले, म्हणजे एकेका आज्ञावलीने आपापले टॅब करण्याची जुनीच वाट पुन्हा धरली गेली.

ॲपलने २०१६ मधील मॅकओएस सिएरा या आवृत्तीत मधला मार्ग काढला. तेथे टॅब व्यवस्थापकाने दिले नाहीत, तसेच प्रत्येक आज्ञावलीने स्वतंत्रपणे रचलेही नाहीत. सर्व आज्ञावल्या ज्या समाईक साधनसंचावर उभारल्या जातात, त्यातच ते घातले गेले. यामुळे टॅबांचे वळण सर्वत्र सारखे झाले. मात्र एका आज्ञावलीचा दस्तऐवज दुसरीच्या टॅबांत बसविता येत नाही, ही उणीव कायम राहिली.

मूल्यमापन : टॅब कोठे असावेत, या प्रश्नाला तर्क एक उत्तर देतो व इतिहास दुसरे. मांडणीचा अधिकार एका जागी व वापरणाऱ्याच्या हाती असावा, हे व्यवस्थापकाच्या पक्षाचे तत्त्व आजही खंडित झालेले नाही. तथापि ते तत्त्व अमलात आणण्यास लागणारी माहिती व्यवस्थापकाकडे कधी पोचली नाही. अँड्रॉइड व सेट्स यांचे अपयश टॅब व्यवस्थापकाकडे देण्याच्या कल्पनेचेच होते, असे त्यामुळे म्हणता येत नाही. पाने केवळ नाव व चित्र यांसह बाहेर आणली, परंतु त्यांचे परस्परसंबंध व गट मागेच राहिले, तर पसारा वाढणारच. विंडोज ७ च्या तळपट्टीचा अनुभव येथे उद्बोधक आहे. ब्राउझरने आपले टॅब प्रणालीस कळवावेत असा ठरलेला व्यवहार तेथे होता, म्हणून मर्यादित प्रमाणात का होईना, दोन मजल्यांमध्ये जिना बांधला गेला.

यावरून असे दिसते, की खरी उणीव टॅबांच्या जागेची नसून आज्ञावली व व्यवस्थापक यांच्यातील कराराची आहे. हा दस्तऐवज कोणाच्या पोटी जन्मला, तो कोणत्या कामाचा भाग आहे, तो मिटविल्यास काय गमवावे लागेल व तो पुन्हा कसा उभा करावा, एवढे सर्व प्रणालींत सारख्या रीतीने सांगता आले असते, तर टॅब व खिडकी हा भेद केवळ दिसण्याचा उरला असता. असा सर्वमान्य करार झालेला नाही. त्याचे एक कारण तांत्रिक आहे; दुसरे असे, की उघड्या पानांची यादी ज्याच्याकडे असते, त्याच्याकडे वापरणाऱ्याच्या दिवसभराच्या कामाचा नकाशा असतो व तो सहजासहजी कोणी दुसऱ्याच्या स्वाधीन करीत नाही. तोपर्यंत टॅबांनी ब्राउझरमध्ये राहणे व्यवहारतः अपरिहार्य आहे. मात्र ती त्यांची स्वाभाविक जागा आहे असे समजणे बरोबर नाही, कारण ती जागा त्यांना दुसऱ्याच्या उणिवेमुळे मिळालेली आहे.